पाय धुण्याचा वार

नेस्टा म्हणाली, ही लंगडतेय.
म्हटलं, वय झालंय तिचं. आपण नाही लंगडत?
तेव्हा तिनं माझाच चष्मा माझ्या नाकावर चढवला
आणि कोंबडी मांडीवर आणून ठेवली.

चाळीस वर्षं मी छपरं शाकारली
वेल्सच्या या ओल्या खोऱ्यात.
काळ्या दगडाच्या पाट्या, एकीच्या खांद्यावर दुसरी,
पाणी घसरत खाली जावं म्हणून.
एक जरी उचकटली
तरी आत काहीतरी शिरलंय, हे मला रस्त्यावरून दिसायचं.
कोंबडीच्या पायांवरही छप्पर असतं
हे मात्र सत्तरी उलटल्यावर कळलं.

खवल्यावर खवला. एरवी पिवळे, मेणासारखे;
आता पांढुरके, उभे राहिलेले, चुन्याचे पोपडे धरलेले.
खाली बिऱ्हाड थाटलंय
नजरेत न मावणाऱ्या किड्यांनी,
खरजेच्या गोतावळ्यातल्या.
भाडं नाही, करार नाही,
रात्रभर नुसती खाज.

माझ्या बापानं रॉकेलचा डबा आणला असता.
पाय बुडव, वीसपर्यंत मोज, सोडून दे.
किडे मरत. एखादी कोंबडीही मरे.
पलीकडच्या घरातली मारेड जनावरांच्या दवाखान्यात असते,
ती म्हणाली, रॉकेल नको, कातडी भाजते.
आणि काही झालं तरी खवले उपटू नका, इद्वाल.
मला सांगत होती. मला!
पाटी हिसकली की शेजारच्या चार फुटतात,
हे तिच्या आजोबाला शिडीवर कुणी शिकवलं?

तर गुरुवार. पाय धुण्याचा वार.
भांडी घासायचं टब, कोमट पाणी, साबणाचा थेंब,
एक जुना टूथब्रश
(तो जुना झालाय हे नेस्टानं परस्पर ठरवलं).
पाय भिजू द्यायचे. मऊ पडले की
वरून खाली, खवल्यांच्या कलानं, हलक्या हातानं.
पंचाच्या तुकड्यानं टिपायचं, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा.
मग व्हॅसलिन, जाड, लोण्यासारखं,
प्रत्येक खवल्याच्या कडेखाली.
हवा कोंडली की बिऱ्हाड आपोआप उठतं.
एकीचेच नाही, साताही जणींचे.
बसायच्या दांड्या खरवडून त्यांच्या भेगांत तेल.
नेस्टा म्हणते, बेचाळीस वर्षांत माझे पाय नाही कधी धुतलेस.
मी म्हणतो, तुझे खवले कुठे उचकटलेत?
यावर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही.

एक सांगायचं राहिलं. कोंबड्यांना नेस्टानं
चॅपलमधल्या बायकांची नावं दिलीत,
जिच्याशी बोलणं बंद, तिचं नाव खुराड्यात.
ही लंगडी, मिसेस प्रॉसर.
तिसऱ्या गुरुवारी मी तिला दटावत होतो,
'मिसेस प्रॉसर, नखरे पुरे, पाय इकडे करा,'
आणि फाटकात खरीखुरी मिसेस प्रॉसर,
गळक्या पडवीची तक्रार घेऊन, छत्री मिटत.

कुणीच काही बोललं नाही.
फक्त टबातल्या पाण्याचा आवाज.
मग तिनं हातमोजे काढले, कोटाच्या खिशात घातले,
स्टूल ओढलं, म्हणाली,
'असं धरतात होय? पंख मिटून धर, पंख मिटून.
माझ्या आईकडे साठ होत्या.'
आणि आपल्या नावाची कोंबडी
काखेत अशी घेतली की ती गुपचूप झोपली.
नेस्टा आत गेली. बराच वेळ गेली.
परतली तेव्हा चहाचे कप तीन होते.

दोन महिने झाले. घाई चालत नाही यात.
किडे गेले तरी जुना खवला लगेच सुटत नाही,
खालून नवा आला की आपणहून गळतो.
काल डाव्या पायावर एक दिसला,
लहान, पिवळा, चपखल बसलेला.
मी नखानं टकटक केली,
पाटी पक्की आहे का बघायला करायचो, तशी.

पडवीचं काम सोमवारी घेतलंय.
शिडीवर मी चढायचं नाही, खालून सांगायचं, असं ठरलंय.
दोघींनी मिळून ठरवलंय.